यंत्र जगाचे, वाटा प्रत्येकाचा

१९८१-८२ च्या सुमारास कुष्ठरोगावरचा नवा उपचार भारतात पहिल्यांदाच अख्ख्या जिल्ह्यात राबवून पाहायचे ठरले, तेव्हा त्यासाठी दोन जिल्हे निवडले गेले. एक पश्चिम बंगालमधला पुरुलिया आणि दुसरा वर्धा. तोवर रुग्णाला डॅप्सोनची गोळी वर्षानुवर्षे, अनेकांना तर जन्मभर घ्यावी लागे. नव्या पद्धतीत दोन-तीन औषधे एकत्र द्यायची होती आणि उपचाराला निश्चित शेवट होता. तज्ज्ञांच्या बैठकीत हे सहज पटण्यासारखे होते. पण गावोगाव रुग्ण शोधणे, महिन्याचा डोस समोर उभे राहून देणे, मधेच औषध सोडणाऱ्याला पुन्हा गाठणे, हे खेड्यापाड्यांच्या जिल्ह्यात निभते का, याचा अनुभव देशात नव्हता. तो वर्ध्याने मिळवून दिला. त्यासाठी लागलेल्या पैशात स्वीडनच्या सरकारी विकासमदत संस्थेचा वाटा होता. म्हणजे स्टॉकहोममधल्या कुणा शिक्षकाच्या, कुणा बसचालकाच्या करातले काही पैसे आर्वी-हिंगणघाटकडच्या गावांत औषध पोचवायला खर्ची पडले.

या उपचारामागे किती देशांचे कष्ट होते हे फारसे सांगितले जात नाही. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत आजही वाढवता येत नाही. १९६० मध्ये अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्रातले चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला, तेव्हा कुठे औषधांची पारख करण्याची सोय झाली. याच पद्धतीने मलेशियातल्या सुंगेई बुलोच्या रुग्णांचे नमुने तपासले गेले आणि १९६४ मध्ये सिद्ध झाले, की जंतू डॅप्सोनला दाद देईनासे होऊ लागले आहेत. एका औषधावर भागणार नाही हे तिथून स्पष्ट झाले. क्लोफॅझिमिन हे औषध आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये क्षयावर इलाज शोधताना हाती लागले होते. रिफॅम्पिसिन इटलीतून आले. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत आणखी एक शोध लागला: पाठीवर खवल्यांचे चिलखत असलेल्या आर्माडिलो नावाच्या प्राण्यात हा जंतू भरपूर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने मग आर्माडिलोपासून मिळवलेल्या जंतूंचा साठा लंडनच्या सरकारी संशोधनसंस्थेत ठेवला आणि देशोदेशींच्या संशोधकांना त्यातून नमुने मिळण्याची व्यवस्था केली. २००१ मध्ये या जंतूची संपूर्ण जनुकमाला पॅरिस आणि केंब्रिजजवळच्या संशोधकांनी वाचली, तेव्हा वापरलेला नमुना मुळात तामिळनाडूतल्या एका रुग्णाचा होता. कोण कुणाच्या उपयोगी पडले याचा ताळेबंद इथे मांडताच येत नाही.

वर्धा या कामाला योग्य ठरला तो तिथल्या आधीच्या साडेचार दशकांमुळे. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. १९३९ मध्ये कुष्ठरोग झालेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली. गांधीजींच्या मृत्यूनंतर लोकवर्गणीतून जो स्मारक निधी उभा राहिला, त्यातून १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय वर्ध्यातच राहिले. डॉ. वारदेकर यांनी तिथे घडवलेली पद्धत साधी होती: घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि घरी राहूनच उपचार. रुग्णाला गावाबाहेर काढायचे नाही. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत उचलली. त्यामुळे नवी औषधे आली तेव्हा या जिल्ह्यात पाहणीची सवय, प्रशिक्षित माणसे आणि लोकांचा विश्वास हे तिन्ही तयार होते. परदेशी पैशाने यांपैकी काहीही विकत मिळाले नसते.

अनेक देशांनी मिळून विज्ञानासाठी पैसा घालणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला लांब जावे लागत नाही. दोन-तीन भावांची सामाईक विहीर त्याने पाहिलेली असते. खणताना कुणी किती घातले यावरून सहसा भांडण पेटत नाही. पेटते ते पाण्याच्या पाळीवरून, आणि दहा वर्षांनी गाळ कुणी काढायचा यावरून. कोट्यवधी डॉलरच्या दुर्बिणी, कणांना वेग देणारी यंत्रे आणि प्रयोगशाळा यांचेही नेमके हेच तीन प्रश्न आहेत: वाटा, पाळी आणि देखभाल. यांतला तिसरा सर्वांत अवघड आहे आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

वर्ध्याहून यवतमाळ, पुसद ओलांडून हिंगोली गाठली की पुढे औंढा नागनाथ लागते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भाविक तिथे जातात. संत नामदेवांचे नर्सी गाव याच जिल्ह्यात, आणि वसमत-हिंगोलीच्या हळदीचा व्यापारही मोठा. याच औंढा तालुक्यात दुधाळा, अंजनवाडा या गावांच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. इंग्रजी एल अक्षरासारख्या काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या. भुजांमध्ये पोलादी नळ्या, नळ्यांमध्ये जवळपास संपूर्ण निर्वात पोकळी, आणि त्यातून जाणारा लेझरचा किरण टोकाच्या आरशांवर आपटून परत येणार. अवकाशात दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच जी थरथर होते, तिच्यामुळे एक भुजा किंचित ताणली जाते आणि दुसरी किंचित आखडते. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी अशी थरथर पहिल्यांदा टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकत्र आली होती, आणि ती घटना आपल्यापासून सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरची होती.

हिंगोलीचे यंत्र भारताच्या वाट्याला कसे आले, याची कथा वाट्याच्या प्रश्नावर नेमके बोट ठेवते. अमेरिकेने तीन यंत्रांची सामग्री तयार करायचे ठरवले होते. एक लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला आणि दोन वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला, एकाच जागी. पण एकाच जागी दोन कान ठेवून आवाजाची दिशा कळत नाही. म्हणून तिसरे यंत्र दूरच्या एखाद्या देशाला द्यायचा विचार पुढे आला. पहिला प्रस्ताव ऑस्ट्रेलियाला गेला. तिथले शास्त्रज्ञ उत्सुक होते, पर्थजवळ जागाही होती. मात्र इमारत, निर्वात नळ्या आणि पुढच्या चालवणुकीचा खर्च ऑस्ट्रेलियाने करायचा होता, आणि २०११ च्या ऑक्टोबरपर्यंत तिथल्या सरकारकडून तशी हमी मिळाली नाही. यंत्र फुकट मिळत असतानाही एका श्रीमंत देशाला ते घेता आले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतातल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्येच या क्षेत्रासाठी आपला एक गट बांधला होता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकाअखेरीपासून गोंगाटातून क्षीण लहर ओळखण्याचे गणित घडवत होते. लहर प्रत्यक्षात सापडेल की नाही याची कुणालाच खात्री नव्हती, त्या काळातले हे काम. म्हणूनच यंत्राचा प्रस्ताव भारताकडे वळला तेव्हा ते काय करायचे हे जाणणारी माणसे इथे होती. तरीही मंजुरीला वेळ लागला. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिल्या लहरीची घोषणा झाली आणि सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः होकार दिला. ३१ मार्चला वॉशिंग्टनमध्ये करार झाला. पुढे जमीन, आराखडे, खर्चाची तपासणी यांत सात वर्षे गेली. ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांना अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे रोजी पायाभरणी झाली. या सगळ्या काळात भारतासाठी ठेवलेले यंत्राचे भाग हॅनफर्डच्या साठवणीत खोक्यांत बंद होते.

वाटणी अशी आहे. अमेरिका सुमारे आठ कोटी डॉलरची सामग्री देणार: लेझर, आरसे, कंपन रोखणारी यंत्रणा. त्या सामग्रीतही जर्मनी, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पैशाचा हिस्सा आहे. लेझरचे काम जर्मनीतल्या हॅनोव्हरचे, आरसे टांगण्याची युक्ती ग्लासगोची. भारताने जमीन, इमारती, चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या आणि चालवणारी माणसे द्यायची. त्यासाठी पुण्याचे आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबईतले बांधकाम संचालनालय एकत्र आले आहेत. भारताच्या वाट्याची रक्कम देशाच्या लोकसंख्येने भागली तर माणशी अठरा-एकोणीस रुपये पडतात, तेही अनेक वर्षांत मिळून.

दुष्काळाने गांजलेल्या भागात एवढा पैसा कृष्णविवरांवर का घालायचा, असे हिंगोलीत कुणी विचारले तर तो प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्याचे उत्तर द्यायला हवे, आणि ते केवळ देशाच्या अभिमानाचे असून चालणार नाही. चार किलोमीटर लांब नळीत लाखो लिटर हवेतला जवळजवळ प्रत्येक रेणू बाहेर काढून ती स्थिती वर्षानुवर्षे टिकवायची, तर वेल्डिंगपासून पंपांपर्यंत सगळे त्या दर्जाचे इथे बनवावे लागते. ते शिकलेले कारखाने आणि कारागीर पुढे दुसऱ्या कामांना उपयोगी पडतात. पण हे उत्तर मराठवाड्याच्या दृष्टीने तेव्हाच खरे ठरेल, जेव्हा हिंगोली, परभणी, नांदेडच्या आयटीआयमधून निघालेली मुले त्या कामावर असतील. यासाठी आतापासून अभ्यासक्रम आखले पाहिजेत. यंत्र सुरू झाल्यावर नव्हे.

हिंगोलीच का, याचे कारण तिथली शांतता. समुद्र दूर, मोठे कारखाने नाहीत, रेल्वे आणि महामार्गाची धडधड लांब. लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला मेक्सिकोच्या आखातातल्या लाटांचा त्रास होतो आणि आसपास झाडे तोडली जात असली तरी तो आवाज यंत्रात उमटतो. औंढ्याला तसे काही नाही. मात्र जमीन पूर्ण निश्चल कुठेच नसते. २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ या दोन्ही दिवशी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले आणि धक्के शेजारच्या जिल्ह्यांतही जाणवले. अशा क्षणी यंत्राची जुळणी सुटते, ती पुन्हा करावी लागते. जगातल्या सगळ्या वेधशाळांना हे करावे लागते. जपानची कागरा तर भूकंपांच्याच देशात, डोंगराच्या पोटात आहे.

एवढ्या वेधशाळा लागतातच का? २०१५ ची पहिली लहर लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. एवढ्या तुटपुंज्या फरकावरून दिशा काढली तेव्हा आकाशाचा सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा हाती आला. पौर्णिमेचा चंद्र आकाशाचा जेवढा भाग झाकतो त्याच्या तीन हजार पट. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा इटलीतली व्हर्गो ही तिसरी वेधशाळाही जागी होती. तो पट्टा सुमारे २८ चौरस अंशांवर आला, आणि काही तासांतच दुर्बिणींनी तो स्फोट प्रत्यक्ष पाहिला. सोने-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत तयार होतात याचा पुरावा त्या एका घटनेने दिला. व्हर्गोचा खर्च फ्रान्स, इटली आणि नेदरलँड्स यांच्या तिजोरीतला. तिने आपली यंत्रणा बंद ठेवली असती तर अमेरिकेच्या दोन यंत्रांनाही ते ठिकाण नेमके सापडले नसते. हिंगोलीचे यंत्र सुरू झाले की पृथ्वीच्या या बाजूचा कान मिळेल. म्हणून या जाळ्यात एका देशाच्या पैशाची किंमत दुसऱ्या देशाच्या पैशाने वाढते.

वाटा ठरवण्याची जुनी आणि टिकाऊ रीत जिनिव्हाजवळच्या सर्नची. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांवर बॉम्ब टाकलेल्या देशांसह बारा युरोपीय देशांनी तह करून १९५४ मध्ये ही प्रयोगशाळा काढली. कुणी किती द्यायचे, तर ज्याचे राष्ट्रीय उत्पन्न जसे, तसा त्याचा वाटा. दरवर्षी भांडण नको म्हणून सूत्रच ठरवून टाकले. भारत २०१७ मध्ये सहयोगी सदस्य झाला. सहयोगी देशाने पूर्ण सदस्याच्या वाट्याच्या किमान दहा टक्के भरायचे आणि त्याबदल्यात त्याच्या कंपन्यांना सर्नच्या कामांसाठी निविदा भरता येतात, तरुणांना तिथे नोकरीसाठी अर्ज करता येतो. त्याआधीही भारताने वस्तुरूपाने वाटा दिला होता. सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यातली महाकाय चुंबके ज्या जॅकवर नेमकी तोललेली आहेत, ते सुमारे सात हजार जॅक भारतात बनले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ तिथल्या एका मोठ्या प्रयोगात प्रारंभीच्या काळापासून आहेत, आणि ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कणाची घोषणा झाली तेव्हा त्या निष्कर्षावर त्यांचीही नावे होती. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या संमीलन-अणुभट्टीतही भारताचा सुमारे नऊ टक्के वाटा आहे आणि तो बहुतांश वस्तुरूपाने दिला जातो. तिचे प्रचंड शीतकवच गुजरातमधल्या हाजिऱ्याला घडले आणि तुकड्यांनी जहाजातून गेले. पैसा देशातच खर्च होतो, कौशल्यही देशात राहते, म्हणून वस्तुरूप वाटा भारतासारख्या देशाला सोयीचा पडतो.

उलट उदाहरण अमेरिकेचे. टेक्सासमध्ये सर्नहून मोठे, सत्त्याऐंशी किलोमीटर घेराचे यंत्र खणायला सुरुवात झाली होती. परदेशी भागीदारांचे पुरेसे पैसे आले नाहीत, आणि कुठल्या तहाचे बंधनही नव्हते. खर्च वाढत गेला तसा संसदेचा धीर सुटला. ऑक्टोबर १९९३ मध्ये, सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर, प्रकल्प रद्द झाला. बोगद्याचे अर्धवट तुकडे जमिनीखाली राहिले.

आता पाळी. या बाबतीत महाराष्ट्राने जगाला काही शिकवले आहे, आणि ते इथल्याच वाचकांना पुरेसे ठाऊक नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद इथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून तबकड्या बनवण्याची युक्ती काढली आणि परदेशात लागला असता त्याच्या कितीतरी कमी खर्चात जगातल्या सर्वोत्तम दुर्बिणींपैकी एक इथे उभी केली. सगळा पैसा भारत सरकारचा. तरीही दुर्बिणीचा वेळ जगातल्या कुणाही खगोलशास्त्रज्ञाला मागता येतो. वर्षातून दोनदा प्रस्ताव मागवले जातात, समिती फक्त प्रस्तावाचे मोल पाहते, देश पाहत नाही, आणि निवडलेल्याकडून भाडे घेत नाही. केनियातल्या विद्यार्थ्याची कल्पना चांगली असेल तर तबकड्या त्याच्यासाठी वळतात.

अशा उदारपणाचे फळ मिळते. जून २०२३ मध्ये युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणींची आणि खोडदची निरीक्षणे एकत्र करून भारतीय, जपानी आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले. या लहरींचे एक आंदोलन पूर्ण व्हायला वर्षे लागतात. त्या हिंगोलीच्या यंत्रात कधीच दिसणार नाहीत, फक्त स्पंदकांच्या (पल्सार ताऱ्यांच्या) ठोक्यांतल्या बारीक चुकांतून ओळखता येतात. खोडदच्याच अनुभवामुळे दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या दुर्बिणीत भारताचा शब्द वजनदार आहे. त्यासाठी भारताने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

पण या पाळीची किंमत खोडदच्या आसपासची गावेही मोजतात. रेडिओ दुर्बिणीला आसपास विद्युत-गोंगाट चालत नाही, म्हणून जुन्नर आणि आंबेगाव भागात मोठ्या उद्योगांवर निर्बंध आले. नारायणगाववरून जाणारा पुणे-नाशिक जलद रेल्वेचा आखलेला मार्ग दुर्बिणीच्या कामात अडथळा आणेल, म्हणून रेल्वेने तो बाजूला ठेवून दुसऱ्या मार्गाची आखणी हाती घेतली. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या लोकांची नाराजी समजण्यासारखी आहे. जगाच्या दुर्बिणीसाठी त्यांनी रेल्वे सोडायची, तर त्यांच्या पदरात काय? हा वाटा कुठल्याही कराराच्या कागदावर नसतो. तो लिहिला जावा आणि त्याची भरपाई व्हावी. रोजगार, रस्ते, शाळा, पर्यायी उद्योग, काहीही असो, पण ठरवून आणि वेळेत. हिंगोलीलाही उद्या असेच निर्बंध येणार आहेत, तेव्हा औंढ्याच्या गावांशी हे बोलणे यंत्र उभे राहण्याआधी झालेले बरे.

आणि मग गाळ. यंत्र बांधायला पैसा मिळतो, कारण पायाभरणी आणि उद्घाटनाला नेते येतात, फोटो निघतात. पंधराव्या वर्षी केबल बदलायला पैसा मागितला तर कुणाला रस नसतो. पोर्तो रिकोमधली अरेसिबोची ३०५ मीटरची दुर्बीण १९६३ पासून जगाच्या कामी आली. अमेरिकेच्या विज्ञाननिधीने तिच्यावरचा खर्च वर्षानुवर्षे कमी केला. २०२० च्या ऑगस्टमध्ये एक आधारतार सुटली, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली आणि १ डिसेंबरला नऊशे टनांचा मंच तबकडीवर कोसळला. नोबेल मिळवून दिलेल्या लायगोचीही तऱ्हा निराळी नाही. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तिच्या खर्चाला मोठी कात्री लावून दोनपैकी एक वेधशाळा बंद करण्याची सूचना होती. एका देशाच्या राजकारणाचा वारा बदलला की बाकीच्या सगळ्यांचे काम अडते. हिंगोलीच्या यंत्राचे महत्त्व त्यामुळे वाढते, आणि ते वेळेवर पुरे होण्याची निकडही.

वर्ध्याच्या कुष्ठरोगाच्या कामाकडे या नजरेने पाहिले की चित्र अस्वस्थ करणारे दिसते. १९८१ मध्ये देशात दर दहा हजार लोकांमागे सत्तावन्नहून अधिक नोंदलेले रुग्ण होते. बहुविध औषधोपचाराने ते प्रमाण डिसेंबर २००५ मध्ये एकाच्या खाली आले आणि कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही अशी घोषणा झाली. कामगिरी मोठी होती, यात शंका नाही. पण घोषणेबरोबर लक्षही उडाले. कुष्ठरोगाचे स्वतंत्र कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले गेले, घरोघरची पाहणी पातळ झाली, रोगाची पारख करणारे जुने हात निवृत्त झाले. आजही भारतात दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक. हा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, शरीरात कित्येक वर्षे गप्प का बसतो, याची पुरती उत्तरे अजून नाहीत. ज्या रोगाचे संशोधन आर्माडिलोच्या सामाईक साठ्यापासून वर्ध्याच्या नोंदवह्यांपर्यंत अनेक देशांनी मिळून इतक्या लांब आणले, ते शेवटच्या टप्प्यावर पैशाअभावी रेंगाळणे परवडणारे नाही. सरकारने २०२७ पर्यंत प्रसार थांबवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर पाहणीला आणि प्रयोगशाळांना दरसाल न चुकता पैसा लागेल.

लायगो-इंडिया २०३० च्या सुमारास सुरू व्हावी अशी अपेक्षा आहे. तिला रोजच्या चालवणुकीसाठी किती तरतूद, किती वर्षांची आणि कुणाच्या अखत्यारीत, हे संसदेत आणि विधिमंडळात विचारले गेले पाहिजे. मराठवाड्याच्या, विदर्भाच्या लोकप्रतिनिधींनी ते विचारावे, कारण यंत्र त्यांच्या अंगणात आहे.

विद्यार्थ्यांना मात्र २०३० ची वाट पाहायचे कारण नाही. आयुका ही संस्थाच मुळी १९८८ मध्ये जयंत नारळीकर यांनी विद्यापीठांच्या सामाईक वापरासाठी उभारली. महाविद्यालयातल्या शिक्षकांना तिथे येऊन राहता यावे, संगणक आणि ग्रंथालय वापरता यावे, ही तिची मूळ कल्पना आहे आणि ती अजून चालू आहे. लायगोची निरीक्षणे ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुली होतात, ती वाचण्याच्या आज्ञावलीही मोफत असतात आणि त्या शिकवणाऱ्या कार्यशाळा दरवर्षी भरतात. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालयातल्या किंवा सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलीला त्यासाठी कुणाची शिफारस लागत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली नोंदही लायगोच्या या खुल्या साठ्यात ठेवलेली आहे. ती उतरवून घ्यायची, गोंगाट गाळायचा आणि धुरंधरांनी ज्या प्रकारचे गणित पुण्यात घडवले त्याने त्यातली टक्कर शोधायची, हा सराव जगभरचे पदवीचे विद्यार्थी करतात. त्याला साधा लॅपटॉप पुरतो.